शर्यत अर्धवट सुटली, सराव बंद पडला? पुन्हा उतरण्याआधी हे वाचा

आधी पोहायचं, मग सायकल, मग धावणं. मध्ये थांबा नाही. याला ट्रायथलॉन म्हणतात. ऑलिंपिकमध्ये दीड किलोमीटर पोहणे, ४० किलोमीटर सायकल आणि १० किलोमीटर धावणे असते. पणजीत २०१९ साली 'आयर्नमन ७०.३' सुरू झाली. तिथं १.९ किलोमीटर समुद्रात पोहून ९० किलोमीटर सायकल आणि वर २१.१ किलोमीटर धावावं लागतं. विहिरीत पोहायला शिकलेल्या, सायकलवर शाळेत गेलेल्या आणि भरतीसाठी पळणाऱ्या पोरांना यातलं काहीच नवं नाही.

पण पहिली शर्यत बऱ्याचदा मनासारखी होत नाही. पाण्यात दम लागतो, सायकलवरून उतरल्यावर पोटऱ्यांत गोळे येतात, ठरलेली वेळ संपते. माणूस खट्टू होतो. सायकल पडवीला लागते आणि बघता बघता दोन-तीन महिने निघून जातात.

बीजिंगला अर्धवट, टोकियोला सुवर्ण

बर्म्युडा हा अटलांटिक महासागरातला छोटा बेटांचा प्रदेश. लोकसंख्या साठ-पासष्ट हजार, म्हणजे आपल्याकडच्या तालुक्याच्या एखाद्या शहराएवढी. तिथली फ्लोरा डफी २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उतरली, तेव्हा ती २० वर्षांची होती. तिची शर्यत पूर्णच झाली नाही. तिनं खेळ सोडला, दुकानात नोकरी केली, मग अमेरिकेत कॉलेजला गेली. तिथं हळूहळू पुन्हा सराव सुरू झाला.

परत आल्याबरोबर पदक मिळालं असं नाही. २०१२ ला लंडनमध्ये ती ४५ वी आली, २०१६ ला रिओत आठवी. २०२१ मध्ये टोकियोत मात्र १ तास ५५ मिनिटे ३६ सेकंदांत तिनं सुवर्ण जिंकलं. बर्म्युडाचं ते पहिलंच ऑलिंपिक सुवर्ण. बीजिंगनंतर तेरा वर्षं गेली होती.

खंड पडल्यावर शरीरात काय होतं?

सराव थांबला की दोन-तीन आठवड्यांत दम कमी व्हायला लागतो. अंगातल्या रक्तातला पाण्याचा भाग घटतो, त्यामुळं हृदयाला तेवढ्याच कामासाठी जास्त ठोके द्यावे लागतात. स्नायूंची ताकद त्यामानानं जास्त दिवस टिकते.

खरी गोम पुढं आहे. सराव पुन्हा सुरू केला की दम लवकर परत येतो. पण स्नायू हाडाला जोडणाऱ्या शिरांना रक्तपुरवठा कमी असतो, त्या सावकाश तयार होतात. पंधरा दिवसांत माणसाला वाटतं, 'आता जमतंय', आणि तो जोर लावतो. तिथंच टाच, गुडघा नाहीतर नडगी धरते आणि पुन्हा महिनाभर घरी बसावं लागतं. दावणीला बसून खांदा मऊ पडलेला बैल पहिल्याच दिवशी कोणी दिवसभर नांगराला जुंपत नाही. इथंही तोच हिशोब.

सुरुवात कशी करावी?

- पहिले दोन आठवडे जुन्या सरावाच्या निम्म्यावरच थांबा. जास्त जमत असलं तरी.
- वेग असा ठेवा की सोबत्याशी बोलता आलं पाहिजे. बोलताना धाप लागली तर वेग कमी करा.
- धावण्यानं पायांना सगळ्यात जास्त हादरे बसतात. म्हणून पोहणं आणि सायकल आधी वाढवा, धावणं शेवटी. सुरुवातीला पाच मिनिटं पळणं, दोन मिनिटं चालणं असं चालेल. डांबरी रस्त्यापेक्षा मातीची वाट बरी.
- दर आठवड्याला दहाव्या हिश्श्याच्या आसपासच वाढवा. एक दिवस पूर्ण विश्रांती घ्या. दिवसभर शेतात राबलं असेल तर तोही सरावच धरा.
- महिन्याभरानंतर सायकलवरून उतरून लगेच दहा मिनिटं धावा. पाय जड पडतात, त्याची सवय याच सरावानं होते.
- विहीर, तलाव किंवा धरणात एकट्यानं पोहू नका.
- छातीत दुखलं, चक्कर आली किंवा सूज उतरत नसेल तर आधी डॉक्टर, मग सराव.

मागच्या शर्यतीचं काय?

नेमकं कुठं बिघडलं ते वहीत लिहून काढा. पाण्यात घाबरलो? सायकल सुरुवातीलाच जोरात मारली? पाणी-मीठ कमी पडलं? 'आपल्याला जमत नाही' यावर औषध नाही, पण 'पहिल्या दोनशे मीटरला घाबरलो' यावर आहे. पुढच्या वेळी आधी छोटी शर्यत धरा. ७५० मीटर पोहणे, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर धावणे असे स्प्रिंट गट असतात.

पोलीस भरतीच्या १६०० मीटरमध्ये मागं राहून मैदान सोडलेल्या पोरांनाही हेच लागू आहे. उद्या सकाळी वीस मिनिटं सावकाश पळून घरी या. परवा अंग दुखलं नाही, तर सुरुवात बरोबर झाली म्हणायची.