शासकीय प्रसिद्धी, समाजमाध्यमांवरील

शासनाचे निर्णय, योजना, नियम व आवाहने फेसबुक, एक्स (पूर्वीचे ट्विटर), यूट्यूब, व्हॉट्सॲप ह्यांसारख्या माध्यमांद्वारे जनतेपर्यंत पोहोचविण्याचे कार्य. ही प्रसिद्धी सार्वजनिक पैशाने आणि बहुतांशी सनदी सेवकांच्या हातून होते. त्यामुळे तिच्याविषयी दोन अपेक्षा बाळगल्या जातात. संदेश कोणी, कोणाच्या खर्चाने व कोणत्या अधिकाराने दिला हे उघड असावे, ही पहिली. आणि त्याचा उपयोग सत्तारूढ पक्षाच्या प्रचारासाठी होऊ नये, ही दुसरी. पहिलीस पारदर्शकता व दुसरीस सेवेचा निःपक्षपातीपणा म्हणतात. व्यवहारात पहिलीवाचून दुसरी टिकत नाही, कारण संदेशाचा कर्ताच अज्ञात असेल, तर त्यातील पक्षपात तपासता येत नाही.

जुन्या पद्धतीत कर्त्याविषयी संदेह नसे. नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यातील ब्राह्मणपुरी किंवा तिच्यासारख्या कोणत्याही खेड्यात कोतवालाने दिलेली दवंडी आणि चावडीवर लावलेली नोटीस सरकारची आहे, हे निरक्षर माणसासही कळे. नोटिशीखाली तहसीलदाराचे पदनाम, सही व शिक्का असे. प्रचाराची जीप वेगळी ओळखू येई. दवंडी निर्दोष होती असे नव्हे. गावाबाहेरच्या भिलाटीपर्यंत ती पोहोचेच असा भरवसा नसे. मोबाइलने हे अंतर पुष्कळसे कमी केले, परंतु ओळखीच्या खुणा पुसट केल्या. तहसील कार्यालयाची सूचना, मंत्र्याच्या व्यक्तिगत खात्यावरील चित्रफीत आणि पक्षकार्यकर्त्याने पुढे पाठविलेला मजकूर एकाच गटात एकाखाली एक येतात व तिन्हींवर नेत्याचे छायाचित्र असू शकते. पीकविम्याची मुदत, शिधापत्रिका किंवा वनहक्काचा दावा ह्यांविषयीचा असा संदेश वाचणाऱ्यास, आपल्याला मिळणार आहे तो कायद्याने दिलेला हक्क आहे की कोणा नेत्याची कृपा, हे त्यावरून ठरविता येत नाही. ह्या प्रश्नाचे खरे गांभीर्य येथे आहे.

शासन व पक्ष ह्यांतील सीमारेषा समाजमाध्यमांच्या प्रसारापूर्वीही धूसर होती. शहादा तालुक्यातीलच टेंभली येथे २९ सप्टेंबर २०१० रोजी आधार क्रमांकाच्या वितरणास देशात प्रथम प्रारंभ झाला. समारंभास पंतप्रधान मनमोहन सिंग ह्यांच्यासमवेत सोनिया गांधी उपस्थित होत्या. त्या काँग्रेसच्या अध्यक्षा होत्या, तशाच शासनाने नेमलेल्या राष्ट्रीय सल्लागार परिषदेच्याही. पाहणाऱ्यास ही दोन नाती वेगळी करणे सोपे नव्हते. पुढे वेगळ्या पक्षाच्या राजवटीत, ऑक्टोबर २०२३ मध्ये, विकसित भारत संकल्प यात्रेसाठी देशातील ७६५ जिल्ह्यांत केंद्रीय अधिकाऱ्यांना ‘रथप्रभारी’ नेमण्याचे परिपत्रक निघाले. सनदी अधिकाऱ्यांना प्रचारकार्यास जुंपल्याची टीका झाली. निवडणूक आयोगाने मतदान होऊ घातलेल्या पाच राज्यांत हा उपक्रम ५ डिसेंबरपर्यंत न राबविण्याचा आदेश दिला, आणि पदनाम बदलून ‘नोडल अधिकारी’ असे करण्यात आले. काम तेच राहून नाव बदलल्याने आक्षेपाचे कितपत निरसन झाले, हा प्रश्न उरतोच. १५ नोव्हेंबर २०२३ रोजी यात्रेचा आरंभ नंदुरबारसारख्या आदिवासी जिल्ह्यांतून झाला.

नियमांची चौकट जुनी आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ अन्वये शासकीय सेवकास राजकीय पक्षाचे सदस्य होता येत नाही. अखिल भारतीय सेवांच्या १९६८ च्या नियमांत राजकीय तटस्थतेचा स्पष्ट उल्लेख २०१४ मध्ये घालण्यात आला. सत्तारूढ पक्षाने शासकीय प्रसिद्धिमाध्यमांचा पक्षासाठी वापर करू नये, हे कलम निवडणुकीच्या आचारसंहितेत १९७९ साली आले. तथापि ते फक्त निवडणूककाळात लागू होते.

सर्वोच्च न्यायालयाने ‘कॉमन कॉज’ प्रकरणी १३ मे २०१५ रोजी शासकीय जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. जाहिरात शासनाच्या कर्तव्यांशी निगडित व वस्तुनिष्ठ असावी आणि तीतून सत्तारूढ पक्षाचे हितसंबंध जोपासले जाऊ नयेत, असा त्यांचा आशय आहे. छायाचित्रे राष्ट्रपती, पंतप्रधान व सरन्यायाधीश ह्यांपुरती मर्यादित होती. मार्च २०१६ मध्ये राज्यपाल, मुख्यमंत्री व मंत्री ह्यांनाही मुभा मिळाली आणि मूळ निर्बंधाचा बराचसा जोर ओसरला. शिवाय ही तत्त्वे मोबदला देऊन प्रसिद्ध केलेल्या मजकुरास उद्देशून आहेत. स्वतःच्या खात्यावर घातलेल्या मजकुरास जागेचे भाडे पडत नाही. खर्च होतो तो तो तयार करणाऱ्यांवर, आणि तो सहसा नजरेआड राहतो.

हा खर्च उघड झाल्यास काय होते, ह्याचे उदाहरण महाराष्ट्रात १२ मे २०२१ रोजी घडले. तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार ह्यांची समाजमाध्यमांवरील खाती सांभाळण्यासाठी बाहेरील संस्था नेमून तिच्यावर सुमारे ६ कोटी रुपये खर्च करण्याचा शासन निर्णय निघाला. माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाकडे पुरेसे तांत्रिक कौशल्य नाही, असे कारण त्यात दिले होते. करोनाच्या साथीचा तो काळ होता. निर्णय जाहीर होताच टीका झाली आणि दुसऱ्याच दिवशी पवार ह्यांनी तो रद्द करविला. विद्यमान शासकीय यंत्रणा पुरेशी आहे, अशी भूमिका त्यांनी घेतली. येथे उपयोगी पडली ती छापील शासन निर्णयाची जुनी प्रथा.

संदेशाचा कर्ता लपविणे हा अधिक गंभीर दोष होय. अमेरिकेत पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१४ मध्ये जलनियमांच्या समर्थनाचा मजकूर समर्थकांच्या खात्यांवरून एकाच वेळी प्रसृत करविला; तो मूळ शासकीय असल्याचे अंतिम वाचकास कळत नव्हते. तेथील लेखापरीक्षण यंत्रणेने डिसेंबर २०१५ मध्ये हा ‘छुपा प्रचार’ ठरविला. भारतात मार्च २०२४ मध्ये लोकसभेची आचारसंहिता लागू झाल्यावरही ‘विकसित भारत’चे संदेश व्हॉट्सॲपवर येत राहिले. ते आधी पाठविलेले असून तांत्रिक कारणाने उशिरा पोहोचले असावेत, असा खुलासा इलेक्ट्रॉनिकी व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने केला. आयोगाने २१ मार्च रोजी ते थांबविण्याचा आदेश दिला.

खाते पदाचे की व्यक्तीचे, हा वाद मे २०१४ मध्ये पंतप्रधान कार्यालयाच्या ट्विटर खात्यावरून उद्भवला होता. मावळत्या कार्यालयाने जुने खाते नाव बदलून जतन केले, तेव्हा ती राष्ट्राची मालमत्ता असल्याचा आक्षेप नव्या सत्ताधारी पक्षाने घेतला. महाराष्ट्र शासनाच्या २८ जुलै २०२५ च्या निर्णयात ह्याचे उत्तर आढळते : कर्मचाऱ्याने व्यक्तिगत व कार्यालयीन खाती वेगळी ठेवावीत आणि बदली झाल्यावर कार्यालयीन खाते हस्तांतरित करावे. योजनांसाठी झालेल्या सांघिक प्रयत्नांविषयी लिहिण्यास मुभा आहे, आत्मप्रशंसेस नाही. शासनाच्या धोरणांवर प्रतिकूल टीका करण्यासही मनाई आहे. टीका व पक्षपात ह्या भिन्न गोष्टी असून, केवळ टीका रोखल्याने तटस्थता एकाच बाजूने राखली जाते. मंत्र्यांची व्यक्तिगत खाती ह्या निर्णयाच्या कक्षेबाहेर आहेत.

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मधील कलम ४ अन्वये शासनाने माहिती स्वतःहून प्रसिद्ध करावयाची असते, आणि ती देताना स्थानिक भाषा व त्या भागातील सर्वांत परिणामकारक साधन विचारात घ्यावयाचे असते. शहादा परिसरात भिली, पावरी, अहिराणी व गुजरी ह्या बोली घरोघर चालतात; प्रमाण मराठीतील शासकीय संदेशाचा अर्थ तेथे पुष्कळदा दुसराच कोणी समजावून सांगतो.