वजनापलीकडची चांदी : कच्छची चहादाणी कशी पाहावी?

मागच्या वेळी आपण तांब्या-पितळेच्या भांड्यांबद्दल बोललो. आज चांदीकडे वळू. सुरुवातीलाच एक प्रश्न : घरातलं जुनं चांदीचं भांडं आपण शेवटचं कधी बाहेर काढलं? बहुधा मोडीत घालायचा विषय निघाला तेव्हाच. सराफ वजन करतो, घट कापतो, पैसे देतो. त्या हिशेबात नक्षीला काहीच किंमत नसते. आज आपण ती नक्षी बघायला शिकू.

उदाहरण म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली भुजची चहादाणी घेऊ. तिथले नामवंत कारागीर ऊमरसी मावजी. त्यांच्या भांड्यांच्या तळाशी 'ओ. एम.' आणि 'भुज' असा ठसा सापडतो. चहाचा सेट ही इंग्रजांची गरज : चहादाणी, दुधाचं भांडं, साखरेचं भांडं. म्हणजे घाट विलायती, पण अंगावरची वेलबुट्टी कच्छची. गुंतत जाणाऱ्या वेली, पानं, फुलं, मध्येच हरीण किंवा वाघ. बोटभर जागा रिकामी नाही.

हे करतात कसं? आधी पत्रा ठोकून भांड्याला आकार द्यायचा. ठोकल्याने चांदी कडक होते, तडकू शकते, म्हणून पुन्हा पुन्हा तापवून मऊ करावी लागते. मग आत राळेचं मिश्रण भरायचं. त्या आधारावर बाहेरून छोट्या बोथट छिन्न्यांनी नक्षीभोवतीची जमीन खाली दाबत जायचं, म्हणजे वेल वर उठून दिसते. लक्षात घ्या, यात धातू कापून काढत नाहीत, फक्त सरकवतात. शेवटी तापवून राळ ओतून टाकायची.

आता मूठ बघा. तिच्या वरच्या-खालच्या जोडाशी पांढऱ्या चकत्या दिसतात ना? त्या हस्तिदंताच्या. चांदीतून उष्णता फार लवकर पसरते. चकत्या नसत्या तर हात भाजला असता. म्हणजे हे भांडं नुसतं शोभेचं नव्हतं, वापरायचं होतं.

हाताचं काम ओळखायचं कसं? दोन फुलं शेजारी ठेवून बघा. साच्यातली तंतोतंत सारखी असतात, हातची थोडी वेगळी. भांड्याच्या आत बोट फिरवा; बाहेरच्या ठोक्यांचे उंचसखल माग बहुतेक वेळा हाताला लागतात.

आणि एक कळकळीची विनंती. खोलगट भागातला काळपटपणा घासून घासून काढू नका. हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे तो थर बसतो, आणि त्याच सावलीमुळे नक्षी उठून दिसते. दर वेळी पावडरने घासताना चांदीही थोडी थोडी झिजते. मऊ सुती कापडाने पुसलं तरी पुष्कळ.

आपल्याकडे प्रत्येकाच्या घरी भुजची चहादाणी नसणार, हे आम्हालाही माहीत आहे. पण आजीची अत्तरदाणी असेल, गुलाबदाणी असेल, पानाचं तबक असेल. ते सराफाकडे न्यायच्या आधी एकदा खिडकीच्या उजेडात धरा, उलटं करून तळाचा ठसा बघा, फोटो काढून ठेवा. कोणी, कधी, कोणत्या लग्नात दिलं ते घरातल्या मोठ्यांना विचारून लिहून ठेवा. त्यानंतर मोडायचंच ठरलं तर निर्णय तुमचा. पण एकदा वितळलेली नक्षी परत मिळत नाही.

पुढच्या भेटीत बिदरीकाम पाहू.