घड्याळ स्मार्ट, पण चार्जर कोणता?

पूर्वी मनगटी घड्याळाला रोज चावी द्यावी लागे. पुढे बटणासारखा सेल आला आणि वर्ष-दोन वर्षे तिकडे पाहण्याचे कारण उरले नाही. स्मार्टवॉचमुळे चावी देण्याचे दिवस परत आले आहेत. फरक इतकाच, की आता प्रत्येक घड्याळाची चावी निराळी असते. परदेशातील मुलाने पाठविलेले घड्याळ दाखवीत एखादे वयस्क रुग्ण जेव्हा म्हणतात, "डॉक्टर, खोक्यात प्लगच नाही," तेव्हा हा प्रश्न आपल्याही टेबलावर येतो.

ज्याला आपण सरसकट 'चार्जर' म्हणतो, त्याचे तीन भाग असतात : भिंतीवरील सॉकेटमध्ये बसणारा अडॅप्टर, त्यात खोचावयाचे केबलचे टोक आणि घड्याळाला चिकटणारी चकती. हे तिन्ही वेगळे ओळखता आले, की बहुतेक घोळ मिटतो.

अडॅप्टर अनेक कंपन्या आता सोबत देत नाहीत. ॲपलने 2020 पासून घड्याळाबरोबर तो देणे बंद केले. मोबाइलचा चांगल्या प्रतीचा अडॅप्टर येथे चालतो. अधिक वॅटच्या अडॅप्टरने घड्याळ जळेल, ही भीती अनाठायी आहे. घड्याळ आपल्या गरजेपुरताच विद्युतप्रवाह घेते.

केबलचे टोक दोन प्रकारचे असते : जुने चपटे, आयताकृती यूएसबी-ए आणि नवे लहान, लंबगोल यूएसबी-सी. टोक बसत नसेल, तर अडॅप्टर बदलावा. घड्याळ सदोष समजू नये.

खरी मेख चकतीत आहे. काही घड्याळांत चकतीतील तारेच्या वेटोळ्यातून घड्याळातील वेटोळ्याकडे विद्युतचुंबकीय प्रवर्तनाने ऊर्जा जाते, तर काहींत धातूचे बारीक टोक टोकाला भिडते. एकाच कंपनीतही एकवाक्यता नसते. गूगलच्या 2022 च्या पिक्सेल वॉचमध्ये पहिली पद्धत होती, 2023 च्या पिक्सेल वॉच 2 मध्ये दुसरी आली. मोबाइलच्या साध्या वायरलेस पॅडवर ॲपलचे घड्याळ चार्ज होत नाही. युरोपीय संघाने 28 डिसेंबर 2024 पासून नव्या मोबाइलना यूएसबी-सी सक्तीचे केले, परंतु स्मार्टवॉच त्या नियमाबाहेर राहिले. म्हणून चकती त्या विशिष्ट मॉडेलचीच घ्यावी आणि प्रवासात ती विसरू नये.

आपल्या व्यवसायाशी याचा संबंध दुहेरी आहे. पहिला, नोंदींचा. रात्रभर चार्जिंगला लावलेले घड्याळ झोपेची वा नाडीची नोंद करीत नाही. रात्रीची अनियमित नाडी अशा वेळी निसटू शकते आणि 'घड्याळाने काही दाखविले नाही' हे आश्वासन फसवे ठरते. स्नान व भोजनाच्या वेळी चार्जिंग करण्याचा सल्ला द्यावा. टोके भिडणारे घड्याळ असल्यास घाम पुसून, कोरडे करूनच ते लावावे.

दुसरा संबंध सुरक्षिततेचा. अनेक चकत्यांत लोहचुंबक असते. चुंबक असलेले मोबाइल व स्मार्टवॉच पेसमेकरसारख्या शरीरात बसविलेल्या उपकरणापासून किमान 15 सेंटिमीटर दूर ठेवावे, असे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2021 मध्ये सुचविले. चकतीबाबतही हीच दक्षता बाळगणे शहाणपणाचे. पेसमेकर असलेल्या रुग्णाने ती सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवू नये, छातीशी घेऊन झोपू नये.

यापुढे रुग्णाने घड्याळातील आलेख दाखविला, तर तो वाचण्यापूर्वी एक साधा प्रश्न अवश्य विचारावा : "घड्याळ चार्जिंगला केव्हा लावता?"