गिटारचा ‘जुना’ प्रतिध्वनी : निवड कानाने कशी करावी?

सातारा आणि सांगली यांमधील सरळ रेषेतील अंतर सुमारे ११० किलोमीटर आहे. समजा, साताऱ्याला अजिंक्यताऱ्यावर कोणी गिटारची तार छेडली आणि तो नाद वाटेत न विरता सांगलीला पोहोचला, तर त्याला किती वेळ लागेल? आपल्याकडच्या हवामानात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४५ मीटर असतो. भागाकार करून पाहा. उत्तर पाच मिनिटांहून थोडे अधिक येईल. ध्वनी हा असा सावकाश चालणारा प्रवासी आहे, आणि म्हणूनच आपल्याला प्रतिध्वनी ऐकू येतो.

इलेक्ट्रिक गिटार वाजविणारे हाच प्रतिध्वनी पायाशी ठेवलेल्या एका लहानशा डबीतून काढतात. तिला ‘डिले पेडल’ म्हणतात. गिटारमधून आलेला विद्युत् संकेत ती क्षणभर रोखून धरते आणि मग पुन्हा पुन्हा, प्रत्येक वेळी थोडा क्षीण करून, पुढे सोडते. दुकानात अशा डब्या अनेक प्रकारच्या मिळतात आणि त्यांतील कितीतरी डब्यांवर ‘जुन्या काळचा गोड आवाज’ असा दावा केलेला असतो. समजा, तुमच्या शाळेच्या वाद्यवृंदाने स्नेहसंमेलनासाठी वर्गणी काढली आहे आणि तिच्यातून एकच पेडल घ्यायचे आहे. मग कोणते घ्यावे? दाव्यावर विश्वास ठेवायचा नसेल, तर आधी जुन्या आवाजात होते तरी काय, हे समजून घेतले पाहिजे.

भिंत किती दूर?

मूळ आवाज आणि परत आलेला आवाज यांत सुमारे एक दशांश सेकंदाचे अंतर असेल, तर कानाला ते दोन आवाज स्पष्टपणे वेगळे कळतात. एवढ्या वेळात ध्वनी सुमारे ३४ मीटर जातो. त्याला जाऊन परत यायचे असते, म्हणून भिंत निदान १७ मीटर दूर हवी. साताऱ्याच्या मुलांना डोंगरकड्यासमोर उभे राहून हाक मारता येते. सांगली कृष्णाकाठच्या सपाटीवर वसलेली. तिथल्या मुलांनी मैदानाच्या टोकाला उभे राहून शाळेच्या लांब भिंतीसमोर टाळी वाजवावी.

विजापूरचा गोलघुमट तुमच्यापैकी काहींनी सहलीत पाहिला असेल. तेथील सज्जात एका बाजूने वाजविलेली टाळी सुमारे ३८ मीटर दूर असलेल्या समोरच्या भिंतीवर आपटून परत येते. जाण्यायेण्याचे ७६ मीटर, म्हणजे सुमारे ०·२२ सेकंद. पेडलवरची ‘वेळ’ दाखविणारी खुंटी २२० मिलिसेकंदांवर ठेवली, तर तुम्ही जणू गोलघुमटाएवढी भिंत खिशात घालून फिरत आहात!

फितीवरचा प्रतिध्वनी

सुरुवातीच्या काळात कृत्रिम प्रतिध्वनी टेपरेकॉर्डरमधूनही काढला जाई. फितीवर एका चुंबकी शीर्षाने आवाज नोंदवायचा आणि थोड्या अंतरावरील दुसऱ्या शीर्षाने तो वाचायचा. फीत सेकंदाला १९ सेंटिमीटर सरकत असेल आणि दोन शीर्षांत ५·७ सेंटिमीटर अंतर असेल, तर आवाज ०·३ सेकंद उशिरा येईल. वाचलेला आवाज पुन्हा नोंदणीच्या शीर्षाकडे पाठविला, की प्रतिध्वनींची मालिकाच सुरू होते. रोलँड या जपानी कंपनीने १९७४ साली आणलेले ‘स्पेस एको’ हे यंत्र याच तत्त्वावर चालत असे.

या यंत्रांत उणिवा होत्या. फितीवर नोंद होताना उच्च कंप्रतेचे, म्हणजे सेकंदास पुष्कळ कंपने असलेले, स्वर थोडे गळत. दर फेरीत गळती वाढे. फीत सरकविणाऱ्या चक्राचा वेगही किंचित कमीजास्त होई आणि त्यामुळे परत येणारा सूर लहरत असे. ‘जुना आवाज’ म्हणतात त्याचा एक मोठा भाग या दोन उणिवांचा आहे.

घमेल्यांची रांग

फीत झिजते, तुटते; यंत्रही जड असते. १९६९ साली फिलिप्स कंपनीच्या प्रयोगशाळेतील सँगस्टर आणि टीर या संशोधकांनी एक नवी युक्ती मांडली. घराचा स्लॅब टाकताना माणसे रांगेत उभी राहून काँक्रीटची घमेली हातोहात पुढे देतात, ते तुम्ही पाहिले असेल. तसेच येथे विद्युत् धारित्रांची एक लांब रांग असते. संकेताच्या त्या क्षणीच्या मूल्याएवढा विद्युत् भार पहिल्या धारित्रात भरायचा आणि घड्याळाच्या ठोक्यासरशी तो पुढच्यास द्यायचा. आग विझविताना बादल्या पुढे देणाऱ्या रांगेवरून या मंडलाला ‘बकेट ब्रिगेड’ असे नाव पडले.

रांगेतील माणसाचे हात रिकामे असल्याशिवाय तो घमेले घेऊ शकत नाही. म्हणून कोणत्याही क्षणी एकाआड एक धारित्रच भरलेले असते. या प्रकारच्या एका प्रसिद्ध चकतीत ४०९६ टप्पे होते. म्हणजे एका वेळी तिच्यात संकेताची २०४८ मूल्ये मावत. घड्याळाचे ठोके सेकंदाला १०,००० असतील, तर आवाज सुमारे ०·२ सेकंद रोखला जाई. आणखी उशीर हवा असेल, तर ठोके मंद करावे लागत. ०·३ सेकंदासाठी ते सेकंदाला सुमारे ६,८०० इतके उतरतात. येथे निसर्गाचा एक नियम आडवा येतो. सेकंदाला जितकी मूल्ये घ्याल, त्याच्या निम्म्याहून कमी कंप्रतेचाच स्वर बिनचूक पुढे जातो. म्हणजे ३,४०० हर्ट्झच्या वरचे सारे आधीच गाळून टाकावे लागते.

गिटारच्या सर्वांत जाड तारेचा मूळ स्वर ८२ हर्ट्झचा असतो आणि सर्वांत बारीक तारेवरचा शेवटचा स्वर १,२०० हर्ट्झच्या आसपास. त्यामुळे मूळ स्वर सुखरूप राहतात. त्यांच्यावरची चमक देणारे उच्च उपस्वर मात्र जातात. आवाज मऊ, किंचित धूसर होतो. बॉस कंपनीचे १९८१ चे ‘डीएम-२’ पेडल याच जातीचे होते. त्याची मर्यादा ३०० मिलिसेकंद होती.

पुढे अंकीय पद्धत आली. तिच्यात आवाजाचे आकडे करून ते स्मृतीत ठेवतात आणि हवे तेव्हा परत वाचतात. आकडे झिजत नाहीत. दहावा प्रतिध्वनीही पहिल्याइतकाच लख्ख येतो, फक्त हळू.

उणीव गोड का लागते?

मग लोकांना अंकीय पद्धतीच्या निर्दोष आवाजापेक्षा जुना सदोष आवाज का आवडावा? उत्तर पुन्हा डोंगरापाशी आहे. हवा आणि खडबडीत पृष्ठभाग उच्च कंप्रतेचे स्वर अधिक शोषून घेतात. खरा प्रतिध्वनीही दर फेरीत मंद होतो आणि मऊही होतो. आपले कान जन्मापासून हेच ऐकत आले आहेत. फीत आणि धारित्रांची रांग यांनी नकळत निसर्गाचीच नक्कल केली. शिवाय मऊ प्रतिध्वनी मागे सरकतो आणि नवा वाजविलेला स्वर पुढे उठून दिसतो. लख्ख प्रतिध्वनी मात्र नव्या स्वराशी भांडतो.

सांगली जिल्ह्यातील मिरज हे सतारी-तंबोऱ्यांसाठी प्रसिद्ध गाव. २०२४ साली तेथील सतार आणि तंबोरा यांना भौगोलिक मानांकन मिळाले. तेथील कारागीर तंबोऱ्याच्या घोडीला सूक्ष्म बाक देऊन तार तिला हलकेच घासू देतो. त्यालाच जवारी म्हणतात. आदर्श तारेच्या गणितात ही घासणी बसत नाही, पण तिच्यामुळेच उपस्वर फुलतात. घोडी किती घासायची, ते तो शेवटी कानाने ठरवितो. पेडल निवडतानाही हाच मार्ग धरावा.

दुकानात काय तपासाल?

(१) एकच तोकडा स्वर वाजवा आणि परत येणारे आवाज लक्ष देऊन ऐका. प्रत्येक आवाज आधीच्याहून मऊ होतो का? होत नसेल, तर तो ‘जुना’ नव्हे.

(२) एक स्वर लांबवा. प्रतिध्वनी किंचित लहरणे ही फितीची खूण आहे. लहर इतकी नको, की वाद्य बेसूर वाटावे.

(३) आवाज कमी ठेवून ‘पुनरावृत्ती’ची खुंटी पूर्ण फिरवा. परतणारा आवाज आधीच्याहून मोठा होऊ लागला, की मालिका थांबतच नाही आणि घोंघाट वाढत जातो. ध्वनिक्षेपक शिट्टी मारतो, त्याचेही कारण हेच. जुन्या पेडलांचा हा स्वभावच होता.

(४) प्रतिध्वनी चालू असताना ‘वेळ’ची खुंटी फिरवा. घमेल्यांच्या रांगेत ठोके बदलले, की आत साठलेला आवाज जलद किंवा मंद वाचला जातो आणि सूर वर किंवा खाली सरकतो.

(५) गाण्याची लय मोजा. मिनिटाला १२० मात्रा असतील, तर एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची. केवळ ३०० मिलिसेकंदांचे पेडल तेथे पूर्ण मात्रा देऊ शकणार नाही.

(६) वीजपुरवठ्याचे व्होल्ट आणि धन-ऋण टोके डबीवर लिहिल्याप्रमाणेच जोडा.

फिती आणि धारित्रे यांची नक्कल गणिताने करणारी अंकीय पेडलेही आज मिळतात. म्हणून आत काय आहे यावर अडून बसू नका. कसोटी आवाजाची आहे.

डोळे झाकून परीक्षा

महाग पेडल खरोखर वेगळे वाटते, की किंमत ऐकून तसे वाटते? वाजविणाऱ्या मित्राला नाणे उडवून ‘अ’ किंवा ‘ब’ पेडल निवडू द्या. तुम्ही पाठ करून ओळखा. दोन्हींचा मोठेपणा सारखा ठेवा, कारण जरा मोठा आवाज नेहमीच अधिक चांगला वाटतो. असे १० वेळा करा. नुसत्या अंदाजाने ९ किंवा १० उत्तरे बरोबर येण्याची शक्यता १,०२४ पैकी फक्त ११, म्हणजे सुमारे एक टक्का आहे. तेव्हा इतके गुण मिळाले, तर फरक खरा मानायला हरकत नाही. पाच-सहाच मिळाले, तर स्वस्त पेडल घ्या आणि उरलेल्या पैशांत तारांचे दोन संच आणा.

पेडल नसेल, तरी संगणकावर ऑडॅसिटी या विनामूल्य कार्यक्रमात हा प्रयोग करता येतो. एक टाळी नोंदवा. तिच्या प्रती ०·३ सेकंदाच्या अंतराने ठेवा आणि त्यांचे मोठेपण १, ०·६, ०·३६, ०·२२ असे उतरते करा. मग दुसऱ्या खेपेस प्रत्येक प्रतीचे उच्च स्वर आधीच्या प्रतीहून थोडे अधिक गाळा. दोन्ही मालिका वर्गाला ऐकवा आणि डोंगरातली कोणती वाटते, ते हात वर करायला सांगून मोजा.