ज्येष्ठांच्या घरासाठी ब्रॉडबँड निवडताना

मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्या ज्येष्ठांचे नातेवाईक अलीकडे मला औषधांखेरीज आणखी एक प्रश्न विचारू लागले आहेत. "डॉक्टरसाहेब, घरी आई-वडील दोघेच असतात. नेट कोणाचे घ्यावे?" विचारणारी मुले-मुली बहुधा पुण्यात किंवा हैदराबादेत असतात आणि आई-वडील परभणीत, सेलूत किंवा गंगाखेडला. हा प्रश्न वैद्याला विचारण्याजोगा नाही, असे आता मला वाटत नाही. आपल्या जिल्ह्यातील अनेक रुग्णांचे हृदयरोगतज्ज्ञ किंवा मूत्रपिंडतज्ज्ञ नांदेडला अथवा छत्रपती संभाजीनगरला असतात. दर फेरतपासणीला सत्तरीच्या माणसाला तिथवर नेणे त्रासाचे असते. घरबसल्या सल्ला देणारी शासनाची 'ई-संजीवनी ओपीडी' एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीच्या काळात सुरू झाली. त्याच्या आदल्याच महिन्यात, २५ मार्च २०२० रोजी, दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर झाली होती. त्यांनुसार प्रथमच भेटणाऱ्या रुग्णाला काही औषधे केवळ व्हिडिओवरून पाहिल्यानंतरच लिहून देता येतात. म्हणजे चित्र नीट दिसले नाही, तर औषधाची चिठ्ठीही अडू शकते.

व्हिडिओवर आम्ही काय पाहतो, हे आपण जाणून घ्या. निवड त्यावरच ठरते. रुग्ण मिनिटाला किती श्वास घेतो, घोट्यावरची सूज बोटाने दाबल्यावर खळगा राहतो का, हसताना तोंडाची एक बाजू खाली ओढली जाते का, मधुमेही पायावरील जखमेचा रंग कसा आहे. चित्र दर दहा सेकंदांनी गोठत असेल, तर श्वास मोजता येत नाहीत. हे चित्र आपल्या घरातून बाहेर जाते, म्हणजे ते अपलोडच्या वेगावर अवलंबून असते. जाहिरातीत मोठ्या आकड्यांत छापलेला वेग मात्र बहुधा डाउनलोडचा असतो. शासनाने २०२३ मध्ये ब्रॉडबँडची व्याख्या बदलून किमान वेग २ एमबीपीएस केला, पण तोही डाउनलोडचाच. म्हणून विक्रेत्याला पहिला प्रश्न अपलोडचा विचारावा. व्हिडिओ सल्ल्याला दोन्ही दिशांना दोनेक एमबीपीएस पुरतात, मात्र ते अखंड मिळायला हवेत. चार माणसांच्या घराला ३० ते ५० एमबीपीएसची योजना सहसा पुरते. ३०० एमबीपीएससाठी अधिक पैसे मोजण्याचे कारण मला तरी दिसत नाही.

आता कंपनीविषयी. कोणती कंपनी उत्तम, याचे जिल्हाभर लागू पडेल असे उत्तर नाही. फलकावर नाव कोणाचेही असो, शेवटच्या दोनशे मीटरची तार पुष्कळदा स्थानिक भागीदाराच्या किंवा केबलवाल्याच्या हाती असते. वसमत रोडवर उत्तम चालणारी सेवा जिंतूर रोडवरील एखाद्या गल्लीत रडतखडत चालते, ती यामुळेच. म्हणून आपल्याच गल्लीतील तीन घरी जाऊन विचारावे. मागच्या वळवाच्या वादळात तार तुटली तेव्हा माणूस किती दिवसांनी आला? नालीच्या कामासाठी जेसीबीने रस्ता खोदला तेव्हा काय झाले? रविवारी फोन कोण उचलतो? वेगाची चाचणी रात्री नऊच्या सुमारास, शेजाऱ्याच्या घरी घ्यावी. भरगर्दीच्या त्या वेळी टिकणारा वेग हाच खरा वेग. दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे 'मायस्पीड' हे विनामूल्य ॲप त्यासाठी आहे. छतावर अँटेना बसवून देणाऱ्या ५जी सेवेचीही अशीच परीक्षा घ्यावी, कारण तिथे टॉवरवरची गर्दी मोजावी लागते. जिथे तार पोहोचतच नाही, त्या वाडी-वस्तीवर अर्थात तीच सोय.

सुरुवातीला वर्षाचे पैसे एकरकमी भरू नयेत. सवलत मोहात पाडणारी असते. पण दोन महिने, त्यांतही एखादा पावसाळी आठवडा पाहून मग ठरवावे. दरात १८ टक्के जीएसटी धरला आहे का आणि किती डेटानंतर वेग उतरतो, हेही तेव्हाच विचारून घ्यावे.

विजेचा मुद्दा मात्र कोणी विचारत नाही, आणि वैद्य म्हणून मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तांब्याच्या तारेवरील जुन्या टेलिफोनला लागणारी वीज एक्स्चेंजमधूनच येत असे. घरातले दिवे गेले तरी फोन चालू राही. फायबरच्या काचतंतूतून प्रकाश जातो, वीज जात नाही. त्यामुळे घरातील वीज गेली की फायबरची पेटी बंद, वायफाय बंद आणि त्या पेटीला जोडलेला टेलिफोनही मुका. वर्षानुवर्षे 'आपला लँडलाइन आहे ना' या भरवशावर असलेल्या आजी-आजोबांना हे कोणी सांगितलेलेच नसते. इन्व्हर्टर असेल, तर पेटी आणि राउटर त्याच्या जोडणीवर घ्यावेत. नसेल, तर राउटरसाठीचा छोटा यूपीएस बाजारात मिळतो. जोडणी करणारा माणूस घरात असतानाच मुख्य बटण बंद करून फोन लावून पाहावा. याखेरीज घरात दुसऱ्या कंपनीचे सिम असलेला, नेहमी चार्ज केलेला एक साधा मोबाईल ठेवावा. एकाच कंपनीचे दोन्ही असले, तर बिघाडात दोन्ही एकदम जाण्याची शक्यता असते. छातीत दुखत असताना व्हिडिओ जुळवत बसू नये, १०८ ला साधा फोन लावावा.

आपल्याकडील जुन्या घरांच्या दगडी किंवा मातीच्या भिंती उन्हाळ्यात गारवा देतात, पण वायफाय अडवतात. पाच गिगाहर्ट्झच्या लहरी तर एका जाड भिंतीतच थकतात. दर्शनी खोलीत शोभेला ठेवलेला राउटर मागच्या खोलीतील खाटेपर्यंत पोहोचत नाही, आणि दोष मात्र कंपनीला लागतो. रुग्ण जिथे बसतो, त्या खोलीजवळ, उंचावर, उघड्या फळीवर तो ठेवावा. परभणीच्या मे महिन्यात बंद कपाटात तो तापतो. (वायफायमुळे झोप उडाली, अशी तक्रारही येते. बहुतेकदा मध्यरात्रीपर्यंत हातात असलेला मोबाईल हे तिचे कारण असते.)

सेवा बंद पडली की आधी पेटीवरचे दिवे पाहावेत. 'लॉस' लिहिलेला दिवा लाल लुकलुकत असेल, तर तार तुटली आहे किंवा प्रकाश पोहोचत नाही. राउटर बंद-चालू करून उपयोग नाही, माणूसच यावा लागतो. तक्रार ओळखीच्या पोराला सांगून थांबू नये. कंपनीच्या तक्रार केंद्रात नोंदवून तक्रार क्रमांक घ्यावा. दाद लागली नाही, तर त्या क्रमांकाच्या आधारे कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे विनाशुल्क अपील करता येते, आणि २०१२ च्या नियमांनुसार त्याचा निकाल ३९ दिवसांत द्यावा लागतो. हा क्रमांक, ग्राहक क्रमांक आणि जवळच्या शेजाऱ्याचा मोबाईल नंबर मोठ्या अक्षरांत लिहून कागद पेटीजवळच्या भिंतीवर चिकटवावा, आई-वडिलांना चष्म्याशिवाय वाचता येईल असा.