काळी फुगते, भिंत तडकते

पालममध्ये लोहा रस्त्याला एका टपरीवर संध्याकाळी आम्ही चौघे जमतो. एक जण बांधकामं पाहतो, एक विज्ञान शिकवतो, एकाचं मोटारी भरायचं दुकान आहे. कुणी ना कुणी मोबाइलवर जगभरातलं एखादं कोडं घेऊन येतो. गेल्या उन्हाळ्यातलं कोडं मात्र पायाखालचंच निघालं. मित्राच्या तीन वर्षांच्या घराला खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरका तडा गेला होता. सगळे म्हणाले, सिमेंट कमी पडलं. मास्तर म्हणाले, आधी माती बघू.

प्लॉटवरची माती वाळवली, कुटली, बारीक चाळणीतून चाळली. दहा-दहा ग्रॅम दोन मापपात्रांत घातली. एकात पाणी, दुसऱ्यात रॉकेल. काडीनं ढवळून 24 तास हलवलं नाही. दुसऱ्या दिवशी रॉकेलमधली माती तळाशी दबून बसलेली, पाण्यातली जवळजवळ दुप्पट चढलेली. बांधकामाआधी इंजिनियर हीच चाचणी करतात, आणि ती कुणालाही जमेल.

आपली काळी सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या खडकापासून झिजून बनली. तिच्यातल्या चिकणमातीचं नाव मॉन्टमोरिलोनाइट, फ्रान्समधल्या मॉन्टमोरिलॉन गावावरून पडलेलं. तिचे कण वहीच्या पानांसारखे थराथरांचे असतात आणि थरांवर ऋण विद्युतभार असतो. पाण्याच्या रेणूला धन आणि ऋण अशी टोकं असल्यानं ते पानापानांत शिरून चिकटतं आणि वही फुगते. रॉकेलच्या रेणूला तशी टोकं नाहीत, म्हणून ते बाहेरच राहतं.

शेतात हा गुणच आहे. उन्हाळ्यात भेगांत वरची भुसभुशीत माती पडते, पावसात खालची फुगून वर सरकते. रान स्वतःला उलथवतं. घराखाली मात्र ओल सगळीकडे सारखी नसते. मधली माती ओलसर राहते, कडेची वाळून आकसते. एका बाजूला मोरीचं पाणी, दुसऱ्या बाजूला पाणी ओढणारं लिंबाचं झाड. पाया एकीकडे उचलला जातो, दुसरीकडे खचतो. गंमत म्हणजे हलकं, एकमजली घर जास्त तडकतं; फुगणाऱ्या मातीला दाबून धरण्याइतकं वजनच त्याला नसतं.

म्हणूनच जुन्या माणसांची वाटणी मला फार शहाणपणाची वाटते: रान ती काळी, वस्ती ती पांढरी. आता गाव वाढून प्लॉट काळीवर गेले. तिथं उपाय आहे तो रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं विकसित केलेल्या पायाचा. साडेतीन मीटरच्या आसपास खोल गोल खड्डा घ्यायचा आणि तळाजवळ तो खास अवजारानं कांद्यासारखा फुगवायचा, वरच्या खांबाच्या अडीचपट रुंद, आणि काँक्रीटनं भरायचा. तेवढ्या खाली ऋतूंप्रमाणे ओल फारशी बदलत नाही, त्यामुळे तो कांदा नांगरासारखा रुतून घर धरून ठेवतो. कालव्यांसाठी आयआयटी मुंबईच्या प्रा. आर. के. कट्टी यांनी वेगळी वाट काढली: काळी आणि अस्तर यांच्यामध्ये न फुगणाऱ्या चिकट मातीचा जाड थर.

मित्राचं घर तर बांधून झालेलं. त्यानं मोरीचं पाणी पाइपानं लांब सोडलं, भिंतीभोवती उताराची फरशी घातली, आणि तड्याच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीनं खुणा करून तारखा लिहिल्या. मे महिन्यात त्या फटीत दहाचं नाणं उभं शिरत होतं. सप्टेंबरात पोस्टकार्डही शिरेना. या मे महिन्यात पुन्हा नाणं घेऊन जायचं ठरलंय.