बांधकाम चालू असतानाच

1884 साली बर्लिनमध्ये हान्स क्रिस्टियन ग्राम हा डॅनिश डॉक्टर न्यूमोनियाने दगावलेल्या रुग्णांच्या फुप्फुसांचे काप रंगवत होता. पेशींच्या गर्दीत जिवाणू उठून दिसावेत, एवढाच हेतू. जांभळा रंग चढवला, वर आयोडीन घातले, मग अल्कोहोलने धुतले. काही जिवाणूंनी रंग धरून ठेवला, काहींनी सोडून दिला. हा फरक पेशीभित्तिकेचा आहे, हे उमगायला पुढे कित्येक दशके जावी लागली.

प्रयोगशाळेत आजही तीच रीत आहे. काचपट्टीवर पू पसरून ज्योतीवरून फिरवतात. मिनिटभर क्रिस्टल व्हायोलेट, मग आयोडीन. खरी कसोटी अल्कोहोलच्या काही सेकंदांची. तिथे हात रेंगाळला तर रंग धरणारेही तो सोडून बसतात आणि अहवाल चुकतो. शेवटी सॅफ्रनिन हा दुसरा रंग. सूक्ष्मदर्शकाखाली स्टॅफिलोकॉकस जांभळ्या पुंजक्यांत दिसतात, ई. कोलायच्या काड्या गुलाबी. कल्चरचा अहवाल हाती येण्याआधी डॉक्टर औषधाचा पहिला अंदाज बांधतात तो यावरून.

दोघांच्याही भिंतीचे द्रव्य एकच, पेप्टिडोग्लायकॅन. दोन शर्करा आलटून पालटून गुंफलेल्या लांब साखळ्या आणि त्यांना आडवे सांधणारे अमिनो आम्लांचे आखूड दुवे. जांभळ्या गटात ही भिंत 20 ते 80 नॅनोमीटर जाड असते; अल्कोहोलने ती आकसते आणि रंग आत अडकतो. गुलाबी गटात ती जेमतेम काही नॅनोमीटरची, पण तिच्यावर मेदाचे आणखी एक पटल असते आणि ते बऱ्याच औषधांना आत शिरू देत नाही. पातळ भिंतीचा जिवाणू म्हणून त्याला दुबळा समजू नये.

पेशीच्या आत विरघळलेल्या द्रव्यांची दाटी असल्याने बाहेरचे पाणी सतत आत घुसू पाहते. स्टॅफिलोकॉकसमध्ये हा दाब 20 वातावरणांच्या घरात जातो, म्हणजे मोटारीच्या चाकातल्या हवेच्या जवळपास दहापट. टायर काढून घेतला की ट्यूब फुटते, तशीच भिंतीविना ही पेशी फुटते. आपल्या अश्रूंतले लायसोझाइम बऱ्याच जिवाणूंच्या साखळ्यांतले शर्करांचे सांधे तोडून हेच साधते.

पेनिसिलिनची तऱ्हा वेगळी आणि मला ती अधिक थक्क करणारी वाटते. वाढायचे तर जिवाणूला स्वतःच्याच भिंतीचे दुवे तोडून मध्ये नवा माल बसवावा लागतो. सांधणारे विकर नव्या दुव्याच्या टोकाला असलेली डी-अ‍ॅलनिनची जोडी ओळखते. पेनिसिलिनची घडण त्या जोडीसारखी. विकर त्याला धरते आणि कायमचे अडकून पडते. तोडणे चालू राहते, सांधणे थांबते. म्हणून हे औषध वाढणाऱ्या जिवाणूंना मारते, स्वस्थ पडलेल्यांना बहुधा नाही. आपल्या पेशींना अशी भिंतच नसल्याने त्यांना या घावाची झळ लागत नाही. 1954 साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना उभा राहिला तो याच औषधासाठी.

क्षयाच्या जिवाणूपुढे मात्र नुसते पेनिसिलिन चालत नाही. त्याच्या भिंतीवर मायकोलिक आम्लांचा मेणचट थर असतो, शिवाय पेनिसिलिन निकामी करणारे विकरही त्याच्याकडे आहे. ग्रामचा रंगही त्याच्यावर नीट चढत नाही. थुंकीच्या तपासणीत म्हणूनच काचपट्टीवर कार्बोल फुक्सिन ओतून खालून वाफ येईपर्यंत तापवतात. एकदा आत शिरलेला तो लाल रंग मग आम्लानेही निघत नाही. 1952 पासून वापरात आलेले आयसोनियाझिड हे औषध मायकोलिक आम्ल तयार होणेच रोखते.